छंद : वाचन, पोहणे

वाळूजहून मुलाखत देऊन आलेला पोरगा
दारातूनच म्हणाला, मॅडम, तिथले साहेब हसले.
म्हणाले, उदगीरला समुद्र आहे काय रे?
सकाळपासून पाच जण आले तुमच्याकडचे,
पाचही पोहणारे.

झेरॉक्सचं झाकण तसंच उघडं टाकून
मी फाईल शोधली.
'बायोडाटा न्यू फायनल दोन'.
बारा वर्षं झाली,
नळेगाव रस्त्यावरच्या ह्या दहा बाय आठमध्ये
मी नाव बदलते, जन्मतारीख बदलते,
बापाचं नाव, टक्के, मोबाईल नंबर.
खालचं कुणी बघत नाही. मीही नाही.
खाली सगळे मेहनती, सगळे प्रामाणिक,
सगळ्यांना आव्हानं आवडतात
आणि सगळे पोहतात,
उन्हाळ्यात नळाची वाट बघत घागरी मांडणाऱ्या गल्ल्यांतले.

पहिला बायोडाटा मन्मथ कल्याणेचा.
तो खरंच पोहायचा, मामाच्या मळ्यातल्या बारवेत.
दुकानात आला तेव्हा केस ओले होते,
कीबोर्डवर थेंब पडला, मी ओढणीनं टिपला.
छंद विचारल्यावर झटकन उत्तर देणारा
तो पहिला,
आणि आता हिशेब केला तर शेवटचा.
पुढच्यांना मी विचारलंच नाही.
रांग असायची, लाईट जायची,
अर्जाची शेवटची तारीख असायची.

त्या रात्री 'पोहणे' खोडलं.
मग 'वाचन'.
मग आव्हानांचं ते अख्खं वाक्य,
ज्याचं इंग्रजी मलाही पुरतं कळत नव्हतं.
पान निम्मं झालं.
आता विचारणं आलं.

मोईन बागवानला विचारलं, तू काय करतोस?
काय नाय. अब्बाच्या गाड्यावर सीताफळं लावतो.
लावतो म्हणजे?
म्हणजे आजचं म्होरं, उद्याचं मागं,
हैदराबादच्या गाडीत पिकंल ते टोपल्यात तळाला.
कळतं कसं?
त्यानं हवेत मूठ अर्धी मिटली.
हाताला कळतं.
मी टाईप केलं : मालाचे वर्गीकरण व साठा नियोजन.
पडद्यावर वाचून तो घाबरला.
एवढं मोठं नका लिहू मॅडम, विचारतील उद्या.
खोडलं. लिहिलं :
फळ कधी पिकेल ते ओळखतो. तीन वर्षं गाडा सांभाळला.
त्यानं दोनदा वाचलं.
हां, हे सांगता येतंय, म्हणाला.

प्रयागा सोनकांबळेची बीएस्सी,
आणि पुढं चार वर्षं काहीच नाही.
फाँट बारीक करा, म्हणाली, खड्डा दिसणार नाही.
मी विचारलं, ह्या वर्षांत काय?
तिनं काचेखालच्या दरपत्रकाकडं बघितलं,
कलर प्रिंट दहा, लॅमिनेशन वीस, पोलिस भरती फॉर्म पन्नास,
आणि ते शेवटपर्यंत वाचून काढलं.
फाँट मी बाराच ठेवला.
प्रयोगशाळेत हाताळलेलं सगळं वर घेतलं,
सूक्ष्मदर्शक, मातीचे नमुने, बियाण्यांची उगवण,
चार वर्षं होती तशी राहू दिली.
विचारायचं त्यांनी विचारावं.
सांगायचं का नाही, तिचं ती बघेल.

परवा मन्मथ आला.
पोट सुटलेलं, केस कोरडे.
कंपनी बंद पडली म्हणाला पुण्याची, नवीन करून द्या.
बारा वर्षं एकाच मशीनवर,
तिचं लांबलचक जर्मन नाव त्यानं
लेकीचं सांगावं तसं सांगितलं.
सगळं घातलं.
शेवटी म्हणाला, छंद काढून टाका. तिकडं कुठली विहीर.
बारव आहे का अजून?
आहे की. पाणीबी आहे म्हणतेत.

माझी बोटं तोवर टाईप करून मोकळी झाली होती.
एकाच बायोडाट्यात ठेवलाय तो शब्द.

कागद अजून गरम होता,
त्यानं खिशात हात घातला.
मी म्हटलं, ऱ्हाऊ दे.
मूळ फाईल तुझीच आहे.