नऊ इंच आत

नकाशात वळचण म्हणजे एक तुटक रेघ होती.
साताऱ्याच्या इंजिनिअरनं ती भिंतीपासून दीड फुटावर काढली,
शिक्का मारला, मी पैसे दिले.

महिपती सुतारानं नकाशा उलटा धरला, सुलटा धरला,
घडी घालून खिशात ठेवला
आणि शेजारच्या ताराबाई पार्ट्यांच्या भिंतीपाशी
उकिडवा बसला.
मार्च सरत आलेला. भिंत ठणठणीत कोरडी.
पण गेल्या साली शेवाळ जिथवर चढलं होतं
तिथं काळी वाळकी किनार होती,
दुधाच्या पातेल्याला राहते तशी,
माझ्या कमरेच्या वर चार बोटं.

"अंकुश, दोरी."
एक टोक किनारीवर, खिळ्यानं.
दुसरं ताराबाईंच्या वाशाच्या शेंड्याला.
तिरकी, ताणलेली, बोट लावलं की गुणगुणणारी.
"ह्यो बगा, ताई, केळघरचा पाऊस.
ह्यो असा येतो. उभा कदी येतच न्हाई."

मी म्हटलं, वळचणीचं पाणी काही आढ्याला जात नाही.
"आढ्याला न्हाई जात," तो म्हणाला, "भिंतीत जातं.
म्हण करणारा मानूस हिकडचा नसंल."

त्याच तिरकसपणानं त्यानं माझं घर मोजलं,
जे अजून फक्कीची पांढरी रेघच होतं.
जोतं कोरडं हवं तर सव्वादोन फूट.
आणि हद्दीचा दगड? दीड फुटावर.
ताराबाई दारातूनच बोलल्या,
"थेंब हिकडं पडला तर मी मोजीन हां."

महिपतीनं पायाच्या अंगठ्यानं फक्कीची रेघ पुसली
आणि नऊ इंच आत दुसरी ओढली.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
इथं वासे अडून बसले
आणि घर सरकलं.

नऊ इंचात काय मावतं
ते रात्री क्वार्टरमध्ये टेपनं मोजत बसले.
सोळा वर्षं इंजेक्शनं टोचून घेतलेलं लोखंडी कपाट,
त्याचं दार आता कॉटला अडणार.
टेप सटकन आत गेला, बोटाला लागला.
सकाळी मी हो म्हणाले.

मग ऐनाचे वासे आले.
टोकं त्यानं उताराला नाही, ओळंब्याला कापली.
झालरपट्टीच्या पोटात पटाशीनं एक बारीक खाच पाडली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, दीड दिवस.
दिसणार कुणाला ही?
"पान्याला. लई चोरटं असतं,
फळीच्या पोटाला चिकटून भितीकडं माघारी येतं.
खाच लागली की हात सुटतो त्याचा."

मेच्या शेवटी अंकुश कळशी घेऊन आढ्यावर चढला.
पाणी कौलांवरून उतरलं, काठाशी घुटमळलं,
सुटलं.
धुळीत खड्ड्यांची एक ओळ उमटली,
सूत मारल्यासारखी.
ताराबाई वाकल्या.
शेवटचा खड्डा आणि दगड यांच्या मध्ये
अंगठा आडवा घालून पाहिला.
मावला.
काही न बोलता गेल्या.

कपाटाचं दार अजून अर्धंच उघडतं.
हात आत घालून, चाचपडत,
अंदाजानं साडी ओढते. कधी भलतीच येते.
कोपर भिंतीला लागतं
आणि भिंतीच्या पलीकडून
लाकडं सरकल्याचा आवाज येतो.
ताराबाई सरपण रचतायत,
मला न विचारता,
माझ्या नऊ इंचांत.