येतो

रंकाळा स्टँडच्या माईकवर सतरा वर्षं झाली.
‘गगनबावड्याकडे जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.’
हे द्यावे, घ्यावे, साधावा, बाळगावी
मी सकाळी स्टार्चच्या साडीगत नेसतो
आणि ड्युटी संपली की घडी घालून ठेवतो.

नेसतो, ठेवतो. छापायची चूक नव्हं.
बाईच आहे मी, शालन दिनकर इंगवले, गंगावेस.
आमच्यात पोरीबी येतो म्हणतात, जातो म्हणतात,
त्यानं कुणाला मिशा फुटल्याचं ऐकलं नाही.

पुण्याला ट्रेनिंगला गेलो तेव्हा
बाईंनी चष्म्यावरून बघितलं.
‘तुम्ही मुलगी ना? मग येते म्हणा.’
बाकं खुसखुसली.
म्हटलं, येते.
दुसऱ्याच्या पायातली चप्पल घातल्यागत
अंगठा कुठं जाईना.

परत आलो. आबा कट्ट्यावर धार काढत होते.
म्हटलं, आबा, येते मी जरा पेठेत जाऊन.
त्यांनी चरवी खाली ठेवली.
‘हळू बोल. म्हस पान्हा चोरंल.’

त्या कट्ट्यावर मी भाषा शिकलो.
म्हशीला शिवी, तीही कुरवाळून.
डॉक्टरांना साहेब, मास्तरांना गुरुजी,
तालमीतल्या पोराला, मिसरूड नसली तरी, पैलवान.
उधारीवाल्या जाधवकाकूंना फक्त ‘बसा की’,
आणि दूध नेहमीपेक्षा थोडं जास्त.
दूध संपलं असं आबा कधी म्हणाले नाहीत.
वाढलं म्हणायचे.
मी विचारलं, सगळ्यांशी एकसारखं का बोलत नाही?
‘शिवी म्हशीला, अहो गिऱ्हाइकाला.
अदलाबदल झाली तर दोघंबी लाथ मारतील.’

एकदा माईकवर मीच घसरलो.
पाच वर्षांचं पोर ऑफिसात रडत होतं
आणि त्याची आज्जी बाहेर
‘संबंधितांनी नियंत्रण कक्षाशी संपर्क साधावा’ ऐकत
जागच्या जागी गरगर फिरत होती.
चारदा वाचलं. ती संबंधित नव्हती. ती आज्जी होती.
शेवटी म्हटलं,
‘आगं ए हिरव्या लुगड्याच्या आज्जे, हिकडं बघ,
तुजा नातू हितं काचंमागं बसलाय!’
अख्खा स्टँड वळला. तीबी.
मेमो आला. भाषा शासकीय असावी.
बरोबरच आहे. अजून जपून ठेवलाय.

गेल्या मंगळवारी हौसाक्काकडं गेलो.
तिचा थोरला राधानगरी गाडीवर कंडक्टर होता,
रोज माझ्या काचेवर टिचकी मारून ‘येतो वो अक्का’ म्हणायचा,
मी हात करायचो, कधी करायचो नाही, चहा पीत असलो तर.

दारात गेलो आणि
माझ्याकडची सगळी भाषा फडताळातल्या भांड्यांगत वाजली.
दुःखद म्हणजे फलकावरचं.
वाईट झालं म्हणजे पेपर अवघड गेल्यावरचं.
देवाची मर्जी म्हणायला माझी जीभ धजली नाही.
तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो.
बऱ्याच वेळानं तिनं विचारलं,
‘आज राधानगरी कुणी न्हेली?’
‘वाशीच्या पाटलानं.’
‘टायमात?’
‘धा मिंटं उशिरा.’
तिनं मान हलवली, जणू एवढंच कळायचं राहिलं होतं.

निघताना उंबऱ्यावर
शब्द सवयीनं दातापर्यंत आला.
येतो.
आबांनी लहानपणीच सांगितलं होतं,
अशा घरातनं उठताना काय म्हणायचं नसतं,
नुसतं उठायचं, मागं बघायचं नाही.
ओठ मिटले. शब्द गिळला, गरम चहाच्या घोटागत.

पण पायात नवी कापशी होती,
पाऊल टाकलं की कर्रर बोलणारी,
मिरवायला म्हणून मुद्दाम तशीच घेतलेली.
काढली. दोन्ही हातात धरली
आणि बोळाच्या तोंडापर्यंत
अनवाणी गेलो.