पेन्सिलीची रेघ

कुओपिओत आमच्या इमारतीखाली एक बंकर आहे.
युद्ध आलं तर सगळ्यांनी तिथं उतरायचं,
नाही आलं तोवर सुतारकाम.
लोखंडी दार वीतभर जाड,
आत पाच टेबलं, आणि भिंतीवर सूचना:
इशारा मिळताच बहात्तर तासांत जागा रिकामी करावी.
मी वाचून हसले.
मला कुह्मोचं घर रिकामं करायला तीन आठवडे लागले,
तरी पाइनच्या फळ्यांची एक चळत शेडमध्येच राहिली.
घर घेणाऱ्याला म्हटलं, जाळू नका, अजून वाळतायत.
तो हो म्हणाला.
हो म्हणणारी माणसं मला माहीत आहेत.

वाट्याला आलं ते असं:
पाइपाखालचं अर्धं टेबल, एक फळी, एक किल्ली,
गुरुवारी झाडायची पाळी.
टेबल चार बोटं जास्त उंच.
चाळीस वर्षं रंधा मारून अंगाला जी उंची पाठ झाली होती
ती इथं कुणालाच ठाऊक नव्हती.
रात्री खांदे बोलायला लागले.
दुसऱ्या दिवशी पायाखाली पाट घेतला.
"नाचायला चढलीस का, सिर्का?" तेउवो म्हणाला.
मी गुण्या दिव्याकडे धरून
काटकोन तपासत राहिले.

भिंतीवर प्रत्येक हत्याराभोवती
काळ्या रंगाने ओढलेली आकृती.
करवत काढली तरी करवतीची सावली तिथंच.
एक सावली मोकळी होती.
माझी दुहाती सुरी तीत अशी बसली
जणू तिचंच माप घेऊन काढलेली.

एक करवत थांबली. मग दुसरी.
अब्दिनूर, सगळ्यांत धाकटा,
कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवत म्हणाला,
"ती वेइयोची आहे."
कुठं असतो वेइयो?
तेउवोनं टेबलावरचा भुसा फुंकला.
"असायचा."

सुरी मी काढून घेतली.
नव्या घरात आधीच्यांनी ठोकलेल्या खिळ्यावर
मी खुशाल माझा आरसा टांगला आहे,
तो खिळा काही विचारत नाही.

मग हत्यारं पेटीत. पेटीला कुलूप.
मुलीला फोनवर सांगायची, छान आहे, ऊब आहे.

एका सोमवारी रंध्याच्या तोंडात
एक ढलपी अडकलेली दिसली. माझी नव्हती.
कुलूप लावायला मीच विसरले होते,
तरी राग आला, कानापर्यंत.
ढलपी चिमटीत धरून सूचनेवर टेकवली:
बर्च, आणि इतकी पातळ
की खालचा बहात्तर वाचता आला.
अंगठा सुजल्यापासून माझ्या हातून अशी निघत नाही.
पातं सोडवून बघितलं.
धार लावून ठेवलेली. वर तेलाचं बोटही फिरवलेलं.
अब्दिनूर टेबलाखाली वाकून
न पडलेला खिळा शोधत होता.

मी काही बोलले नाही.
कुलूप कोटाच्या खिशात टाकलं,
अजून तिथंच आहे, किल्ल्यांशी वाजतं.

पुढच्या गुरुवारी दाराजवळच्या भिंतीवर
माझ्या रंध्याची आकृती.
पेन्सिलीची, जरा थरथरती,
मुठीपाशी दोनदा खोडलेली.
"आणि रंग?" मी विचारलं.
"आधी एक हिवाळा काढ," तेउवो म्हणाला,
"रंग महाग आहे."

वर साडेतीनलाच अंधार झाला होता.
सगळे गेले. पाळी माझी.
पाइन, बर्च, आल्डर, कुणाचं तरी ओक,
केरसुणीपुढे सगळा एकच भुसा.
वेइयोच्या सावलीखालीही मूठभर निघाला, ताजा.
तिथं तर कुणी काम करत नाही.
किंवा करतं.
मी तोही डब्यात भरला
आणि दार ओढून घेतलं, दोन्ही हातांनी.