दोऱ्याचा रुपया

राबोडीच्या गोदामात तो उभा होता
धुलाईयंत्रांच्या रांगेत, भिंतीकडे तोंड करून,
शिक्षा झाल्यासारखा.
मुनाफभाईंनी बाराशे सांगितले, नऊशेत दिला.
वर म्हणाले, "लाकूड चांगलंय ताई,
चपलांचं कपाट होईल."

मी कडेवरून बोट फिरवलं.
बटणांच्या डावीकडे सिगारेटचे अकरा डाग.
आठवा माझ्यासमोर पडला होता.

कोपरीत, पिठाच्या गिरणीला लागून
बाबांचं पार्लर: तीन खोकी, एक पंखा,
आणि दाराशी स्टुलावर मी.
दहाची नोट घ्यायची, दहा रुपये मोजून द्यायचे.
सातवी ते दहावी.
गणित पक्कं झालं. खेळ एकही आला नाही.
मुलींनी खेळू नये असं बाबा कधी म्हणाले नाहीत.
म्हणायची वेळच मी येऊ दिली नाही.

किसननगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
ओवेस आणि आणखी दोघं, माझी आयटीआयची पोरं,
जिन्याच्या दर वळणाला त्याला आडवा, उभा, पुन्हा आडवा करत.
मागची फळी उघडली:
झुरळांची अंडी, बडीशेपेचं रिकामं पाकीट,
उंदरानं कुरतडलेल्या तारा
आणि मधोमध मेलेली हिरवी पाटी,
जिच्यात एकच खेळ मावायचा.
तिच्या जागी काडेपेटीएवढा बोर्ड.
त्यात चार हजार.

डावं-उजवं दोनदा चुकले,
अठरा वर्षं वायरिंग शिकवणारी मी.
ओवेस म्हणाला, नवा स्क्रीन लावू मॅडम.
मी जुनाच ठेवला.
पेटला तेव्हा हातावरचे केस उभे राहिले
आणि काचेत, खेळाच्या मागे,
जळून बसलेली इंग्रजी अक्षरं दिसली: नाणं टाका.
कुठलाही खेळ लावा, समुद्र, रस्ता, अंतराळ,
तळाशी तेच. नाणं टाका.

"नाण्याचं काही नाही आता, हे बटण दाबा.
हवे तेवढे जीव."
हवे तेवढे!
स्टुलावरच्या मुलीला ते सोसेना.
मी रुपया टाकला, आजचा, शर्टाच्या बटणाएवढा.
खळकन खाली.
पुन्हा टाकला. पुन्हा परत.
ह्याचा घसा जुन्या रुपयाच्या मापाचा,
आपला रुपया ह्याला लागतच नाही.

देव्हारा, मिसळणाचा डबा, शिवणाची पेटी, सगळं उपसलं.
शेवटी त्याच्याच पोटात, गल्ल्याच्या पत्र्यामागे
पक्कडीला काहीतरी अडकलं.
जाड, मोठा, सत्त्याण्णव सालचा.
काठाशी भोक, भोकात नायलॉनचा तुकडा,
मासे पकडायचा, पतंगाचा नव्हे.

पद्माकर भोईर.
सोडायचा, खट् झालं की ओढायचा.
एका रुपयात अख्खा मे महिना.
रात्री मीटर एक सांगायचं, गल्ला दुसरं.
मी वहीत लिहायचे: खोटी नाणी, चार.
बाबा वहीकडे बघायचे, मग माझ्याकडे,
मग शटर ओढायचे.

जूनमध्ये तो यायचा थांबला.
मला वाटलं, मला टाळतोय.
गिरणीपाशी त्याची सायकल दिसली की
मी आत पंखा पुसायला जायचे.
वर्षभर तो पंखा किती स्वच्छ होता!

आणि हा इथे, पत्र्यामागे,
दोरा तुटून.

पोरं गेल्यावर लाल दोरा ओवला, ब्लाउजचा.
सोडला. खट्.
तीन जीव.
दांडा जरा डावीकडे ओढतो,
कुणाकुणाच्या सवयीनं झिजलेला.
पहिला जीव अकरा सेकंदांत गेला,
दुसरा त्याहून लवकर.
तिसरा गेला तेव्हा कळलं,
उडीची तार मी गोळीच्या जागी जोडलीय.

दोरा ओढला.