नाकाशी सूत

शिंगाडा तलावाच्या फायर स्टेशनात, वरच्या हॉलमध्ये,
सतरंजीवर एक रबरी माणूस निजवलाय.
कंबरेखाली तो नाहीच. हनुवटी वर, तोंड उघडं,
जसं आत्ताच कुणी त्याला नाव विचारलं.

सिव्हिलच्या सिस्टर एस्तेर साळवे
शरणपूरहून स्कूटीवर आल्या, घड्याळ काढून खिशात ठेवलं.
आधी हाक मारा, म्हणाल्या. मग खांदा हलवा.
मग छातीच्या मधल्या हाडावर मुठीची बोटं घासा,
जिवंत माणसाला राग येईल इतकी.
राग आला तर बरंच.
नाही आला तर ओठ बघा, नखं बघा,
डोळ्यातली बाहुली बघा, टाचणीच्या टोकाएवढी.

मागून पेखळे: म्हणजे नाकाशी सूत धरायचं.
हॉल हसला. सिस्टर हसल्या नाहीत.
धरा की, म्हणाल्या, पण किती वेळ धरणार?

पांढरी, एवढीशी वस्तू. सर्दीच्या औषधासारखी.
अंगठा खाली, दोन बोटं नळीच्या दोन बाजूंना.
आधी दाबून बघायचं नाही. एकच दाब असतो तिच्यात,
बघण्यात गेला तर गेला.

आम्ही अठ्ठावीस, रिकामी नळी एक.
नाक दाबलं की तोंड उघडतं, हे ठाऊक होतं.
नाकात दाबलं की छाती उघडते, हे नवीन.
पेखळे पुन्हा: ज्या गावात नाक कापलं, त्याच गावाला आता…
वाक्य तसंच राहिलं. त्याची पाळी आली होती.

माझी आली तेव्हा अंगठा अडकला.

दोन वर्षांपूर्वी, द्वारकेच्या पुलाखाली,
काळा टी-शर्ट, एकाच पायात चप्पल.
लोक म्हणाले, फिट आलीय.
कुणी कांदा फोडला. नाशकात कांद्याला काय तोटा.
मी स्वतः त्याच्या नाकाशी बूट धरला,
सरकारी बूट, राखेच्या वासाचा,
आणि धरून राहिलो.
तो घोरत होता. मी म्हटलं, झोपलाय, झोपू दे.
ते घोरणं नव्हतं,
हे मला सतरंजीवर गुडघे टेकून,
दुपारी अडीचला, चहा यायच्या आधी कळलं.

किती मिनिटं असतात, सिस्टर?
चार. फार तर पाच.
त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग सगळ्यांना सांगितलं:
मान मागे, तोंडाने श्वास द्या, तीन मिनिटं मोजा.
नाही उठला तर दुसरी नळी, दुसरी नाकपुडी.
उठला तर कुशीवर, आणि जाऊ देऊ नका.
औषध आधी उतरतं, विष मागे थांबून असतं.
आणि हो,
तो आभार मानणार नाही.

पौषात, आडगावचं ट्रक टर्मिनल, रात्री पावणेदोन.
केबिनमध्ये क्लीनर, वीसेक वर्षांचा,
ओठ शाई प्यायल्यासारखे.
नाव माहीत नव्हतं म्हणून 'ए बाळा' म्हटलं.
घरच्या पोरालाही आता म्हणत नाही.
हाड घासलं. राग नाही.
दाबलं.
मग श्वास दिला, माझाच, तंबाखूचा, होता तसा.
एकशे ऐंशी म्हणजे किती,
ते हायवेच्या कडेला, थंडीत, दुसऱ्याच्या तोंडावर वाकून मोजावं.
एकशे एकाहत्तरला तो ओकला,
उठून बसला, आणि आईवरून शिवी दिली.
आख्खी. श्वास न तोडता.

पेखळे हसत होता की रडत होता, कळलं नाही,
टॉर्च त्याच्याच हातात होता.
सिव्हिलपर्यंत पोरगा भांडत राहिला,
का उतरवली माझी, कुणी सांगितलं होतं तुला.
मी मनगट धरून बसलो होतो.
दे, म्हटलं, अजून दे.

सकाळी गणवेश भिजवताना बायकोला खिशात नळी सापडली.
सर्दी झालीय का?
थोडी, म्हटलं.
ती आलं किसायला बसली.