तीन ओळींची जागा

खडकीला पहाटे सहाला नळाचं पाणी बोटं कापतं.
मी बाटल्या मांडतो,
भांड्यात निळं औषध ओततो,
नळावर चिकटपट्टी मारतो,
कुणी पाणी मिसळू नये म्हणून.
एकवीस वर्षं नोकरी. त्यातली नऊ
दुसऱ्याच्या लघवीला साक्षीदार राहण्यात गेली.
गावी सांगतो, लॅबमध्ये असतो.

यादीतला अकरावा: शिपाई सर्जेराव खिलारे.
नाव मशीननं काढलं, कुणी चुगली केलेली नाही,
हे मी प्रत्येकाला सांगतो.
कुणालाच पटत नाही.

फॉर्मवर एक रकाना आहे:
गेल्या तीस दिवसांत घेतलेली औषधं.
तीन ओळींची जागा.
त्यानं तिथं आडवी रेघ मारली,
परेडला ओळ धरावी तशी सरळ.
फक्त शेवटी पेन थोडा रेंगाळला,
शाईचा ठिपका मोठा झाला.

आत आम्ही दोघं. दार वीतभर उघडं.
"उस्ताद, पाठ करा की."
"करता येत नाही, बाळा."
बर्फातल्या चौकीवर दोन हिवाळे काढलेला गडी
एवढ्याशा बाटलीपुढं घामेजला.
पाच मिनिटं. दहा.
बाहेर कारखान्याचा भोंगा झाला,
एक मालगाडी संपता संपेना.
पोटात चार ग्लास पाणी, आणि एक थेंब नाही.

"गाव कुठलं?"
"माण. म्हसवडच्या अलीकडं."
"पाणी आहे का यंदा?"
"कुठलं हो. मंगळवारी टँकर येतो.
हॉर्न वाजला की आई हंडा घेऊन पळती,
गुडघं दुखत्यात, तरी पयला नंबर तिचाच..."
आणि तेवढ्यात त्याला आली.

हसू दोघांनाही आवरलं नाही.
बाटली गरम होती,
पडलेली चिमणी ओंजळीत घ्यावी तशी.

झाकण फिरवताना तो हळूच म्हणाला,
"उस्ताद, झोपेची गोळी दिसती का यात?"
"कुणी दिली?"
"बाजारातल्या मेडिकलवाल्यानं. चिठ्ठी नाही.
एकीनं भागत नाही आता. दोन. कधी तीन.
डोळा लागला की रावत हाक मारतो."
कोण रावत, मी विचारलं नाही.
'मारतो' म्हणाला खरा,
पण चेहऱ्यावर भूतकाळ होता.

सील अजून लागलं नव्हतं.
मी फॉर्म पुढं सरकवला.
"रेघ खोड. शेजारी सही कर. लिही."
"नोकरी जाईल."
काही होत नाही, असं खोटं सांगता आलं असतं.
"बाटली बोलायच्या आधी तू बोल," एवढंच म्हणालो,
"ती बोलली की तुझं ऐकायला कुणी थांबत नाही."

त्यानं गोळीचं नाव लिहिलं, काना-मात्रा चुकवून.
मग मेडिकलवाल्याची गल्ली.
तिसऱ्या ओळीत नुसतं: झोप नाही.

मेजर बोरठाकूर बाईंनी चष्मा कपाळावर ढकलून वाचलं.
मला वाटलं, विचारतील कुठून आणली.
बाईंचं मराठी पुण्यात शिकलेलं,
क्रियापद वाटेल त्या स्टेशनावर उतरतं.
"झोपला नाही किती दिवस तू?"
तो सावधानमध्ये उभा. त्यांनी खुर्ची ओढली.
सावधानमध्ये बसता येत नाही.
आधी खांदे सोडावे लागले,
मग मुठी,
मग कुठं तो बसला.

पुढचं मला ठाऊक नाही.
वानवडीच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं,
मनाच्या वॉर्डात, एवढं कागदावर दिसलं.
निकाल बंद लखोट्यात जातो,
तो आमच्या डोळ्यांसाठी नसतो.

दुपारी टेबलाचा खण उघडला.
माझ्या वार्षिक तपासणीचा फॉर्म, भरून ठेवलेला.
दारू: कधीतरी.
बराच वेळ बघत बसलो.
हातमोजा कुठंतरी फाटला असावा,
अंगठ्याला निळं लागलं होतं,
ते त्या शब्दावर उठलं.