करिया

करिया म्हणजे काळा.
मी काळ्या म्हणायचो,
तो कान हलवायचा नाही.
नीलव्वानं ओट्यापासून नुसतं 'करियाऽ' म्हटलं
की शेपटीनं दाराची कडी वाजायची.

लग्नात ताटातल्या तांदळात अंगठी फिरवून
मी तिचं नाव नलिनी केलं होतं.
सदतीस वर्षं रेशनकार्डावर नलिनीच राहिली.
निपाणीहून भाऊ आला की बोळातनं हाक मारायचा, जुनीच,
आणि ती पिठाचे हात न धुता पळायची.

त्यांच्या बोलण्यातलं मला काही कळत नसे.
उद्यमनगरात लेथवर तीस वर्षं काढलेला माणूस मी,
मराठीच निम्मी ऐकू यायची.
शिकून काय करू, म्हणायचो.
तुला येतंय की माझं.

कुत्रं तिनं आणलं गंगावेशीतून,
दूधकट्ट्यावर म्हशींच्या पायांत सापडलेलं,
पदरात गुंडाळून.
मी म्हटलं, हे घरात नको.
ती त्याच्याशी बोलू लागली.
नऊ वर्षं बोलली.
भांडी घासताना, वांगी चिरताना,
रात्री मी झोपलोय असं समजून
बराच वेळ.

दिवस झाले, पाहुणे गेले,
आणि घरात उरलो आम्ही दोघं,
एकमेकांची भाषा न येणारे.
'बस' म्हटलं, उभा.
'ये' म्हटलं, उभा.
भाकरी टाकली तर भाकरीकडे नाही,
माझ्या तोंडाकडे बघत.

इचलकरंजीहून पोरगी फोनवर म्हणाली,
'आबा, मी चार दिस येऊन ऱ्हातो,
मराठी शिकवू की त्याला.'
म्हटलं, म्हातारा झालाय गं तो.
मीच शिकतो.

लक्ष्मीपुरीत चन्नव्वा मेथी विकते, संकेश्वरकडची.
जुडीमागं एक शब्द द्यायची.
बा म्हणजे ये.
कुंदर म्हणजे बस.
ब्याडा, नको.
हाल म्हणजे दूध.
'आमच्यात हाल म्हणजे निराळंच,' मी म्हणालो.
'ठावं हाय मामा,' ती म्हणाली, 'ते बी बघितल्यात.'

सहाव्या दिवशी धीर करून विचारलं,
साकु म्हणजे?

सीपीआरमध्ये शेवटच्या रात्री
ती तेवढंच म्हणत होती. साकु. साकु.
मला वाटलं साखर मागतेय.
खाली जाऊन चहाच्या गाड्यावरनं कागदात आणली,
चमच्यानं ओठाला लावली.
तिनं चाटली. माझ्याकडे बघितलं.
परत म्हणाली, साकु.
मी परत चमचा भरला.

'पुरे,' चन्नव्वा म्हणाली,
'साकु म्हणजे पुरे, मामा,'
आणि पाचातले दोन रुपये परत दिले.

रंकाळ्याला वेढा घालून घरी येईपर्यंत
जुडी हातात सुकली.
दार उघडलं तर तो तसाच,
तिच्या चपलांवर हनुवटी टेकून.
चपला मी उचललेल्या नाहीत.
'करियाऽ,' म्हटलं. 'बा.'
उठला. आला नाही.
एक कान वर, एक खाली,
लेथवर नवं पोरगं उभं केलं
की मी बघायचो तसा,
माप कुठं चुकतंय ते.
मग मी 'बा' जरा लांबवलं,
शेवटाला वर उचललं,
ती उचलायची तसं.
तेव्हा आला.

वाडग्यात दूध ओततो. हाल.
तो लपालपा पितो, वाडगं फरशीवर सरकत जातं.
साकु? मी विचारतो.
मान वर करत नाही.
पातेलं तसंच धरून उभा राहतो मी,
तो काय म्हणतो बघत.